पूरबोटीची पुढची कडी दरवर्षी ढिली का होते : कारण, तपासणी आणि कायमची दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. पूर ओसरल्यावर धुऊन शेडमध्ये ठेवलेली फायबरची बोट पुढच्या वर्षी जूनच्या तोंडावर बाहेर काढली, की तिच्या पुढच्या टोकावरची दोर बांधायची कडी हाताने हलते. बोल्ट आवळले की काही दिवस ती घट्ट वाटते आणि पहिल्याच फेरीनंतर पुन्हा डुगडुगू लागते. कडीच्या बैठकीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात आणि पाऊस पडून गेल्यावर बोटीच्या आत, नेमक्या कडीखाली, तपकिरी पाण्याचा ओघळ उमटतो. मग कोणी सिलिकॉन भरतो, कोणी सहाच्या जागी आठचा बोल्ट घालतो, कोणी कडीच नवी बसवतो, आणि वर्षभराने तीच जागा पूर्वीपेक्षा थोड्या मोठ्या भोकासह पुन्हा समोर येते.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या टाक्या आणि आच्छादने तयार करण्याचे काम करतो. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या आणि वारणाकाठच्या गावांतील बोटी दुरुस्तीसाठी माझ्याकडे येऊ लागल्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या दिवसांत ज्यांनी छतावर बसून बोटीची वाट पाहिली, त्यांना एका कडीबद्दल इतके लिहिण्याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. प्रवाहात बोट एखाद्या घराच्या ग्रीलला बांधून माणसे उतरवून घेतली जातात, तेव्हा आतील सर्वांचा भरवसा त्या एका कडीवर असतो.

ज्या बोटीमुळे मला हे काम नीट समजले, ती लागोपाठ तीन वर्षे माझ्याकडे आली होती. पहिल्या वर्षी कडी साध्या स्क्रूंनी डेकमध्ये, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागात, पिळलेली होती. बोट ज्यांनी पुरवली त्यांनी ती तशीच दिली होती. दुसऱ्या वर्षी मी स्वतः स्क्रू काढून आरपार बोल्ट घातले आणि खाली मोठे वॉशर लावले. तिसऱ्या वर्षी कडी सुटली नाही, ती डेकचा वितभर तुकडा घेऊनच वर आली. माझी दुसऱ्या वर्षीची दुरुस्ती अपुरी होती हे मला त्या तुकड्याने दाखवले. दोन फायबरच्या पापुद्र्यांमधील प्लायवूड बोटांनी चिमटीत धरले, तर चहाच्या चोथ्यासारखे ओले, काळपट आणि कुजक्या वासाचे निघाले. बोल्ट शाबूत होते, नट शाबूत होते, वॉशरही शाबूत होते. ज्याला ते धरून होते तेच नाहीसे झाले होते.

दोष कोठे असतो

अशा बोटींचा डेक बहुधा एकसंध फायबरचा नसतो. वर साधारण तीन मिलिमीटरचा फायबरचा थर, खाली तसाच एक थर आणि मध्ये बारा मिलिमीटरचे प्लायवूड किंवा फोम, अशी ती रचना असते. वजन फार न वाढवता डेक ताठ राहावा यासाठी ती योग्यच आहे. मात्र तिचे बळ दोन्ही थर एकमेकांपासून ठराविक अंतरावर राहण्यात आहे. आपण बोल्ट आवळतो तेव्हा वरची बैठक आणि खालचा वॉशर मिळून मधला गाभा दाबतात. गाभा दबला की थर आत झुकतो, जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत, रंगीत लेप) तडकतो आणि त्या भेगेतून पाण्याला वाट मिळते. पाणी प्लायवूडमध्ये मुरले की ते आणखी मऊ पडते, बोल्ट सैल होतो आणि आपण तो पुन्हा आवळतो. म्हणजे आपण ज्याला दुरुस्ती समजतो ती आवळणी प्रत्येक वेळी तोच दोष एक पायरी पुढे नेत असते.

दुसरी गोष्ट भार पसरण्याची आहे. आठ मिलिमीटरच्या बोल्टचा साधा वॉशर सोळा मिलिमीटर व्यासाचा असतो. मधले भोक वजा केले तर तो सुमारे १४६ चौरस मिलिमीटर जागेवर टेकतो. चार बोल्टचे चार वॉशर धरले तरी ती जागा ६०० चौरस मिलिमीटरही भरत नाही. त्याऐवजी खालून २०० बाय १५० मिलिमीटरची एकच जाड पट्टी दिली, तर तोच हिसका ३०,००० चौरस मिलिमीटरवर वाटला जातो, म्हणजे सुमारे पन्नासपट जागेवर. पट्टी पातळ असेल तर ती बोल्टपाशी वाकते आणि कडेपर्यंत भार पोचतच नाही. म्हणून तीन मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम पत्र्याने हे काम होत नाही, किमान सहाचा घ्यावा लागतो.

प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरची ओढ चौपट होते. उन्हाळ्यात संथ पाण्यात बोट बांधून पाहिली आणि कडी टिकली, यावरून पुरात ती टिकेल असे मानता येत नाही.

आधी तपासणी, मग हत्यार

कडीला हात लावण्यापूर्वी डेक ठोकून पाहावा. स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ धरून कडीपासून फूटभर लांबून सुरुवात करावी आणि दोन-दोन बोटांच्या अंतराने हलके ठोके देत कडीकडे यावे. धडधाकट जागी आवाज टणक आणि आखूड येतो. जेथे गाभा कुजला किंवा थर सुटला असेल तेथे तो बद्द होतो. हा फरक एकदा कानाला कळला की पुन्हा चुकत नाही. बद्द आवाज जेथे सुरू होतो तेथे पेन्सिलने खूण करीत गेले, की खराब भागाची हद्दच आखून मिळते. ही हद्द आपल्या अंदाजापेक्षा जवळपास नेहमीच मोठी निघते आणि बोट ज्या बाजूला कलती ठेवलेली असते त्या बाजूला ती अधिक पसरलेली असते.

त्यानंतर एकच बोल्ट काढावा आणि त्याचे आटे पाहावेत. आटे कोरडे आणि चकचकीत असतील तर दोष अजून वरवरचा आहे. आट्यांत तपकिरी चिखल भरला असेल तर पाणी गाभ्यापर्यंत गेले आहे. शंका राहिली तर आतल्या बाजूने, पेन्सिलच्या हद्दीवर तीन मिलिमीटरचे बारीक भोक पाडून निघणारा भुगा तळहातावर घ्यावा. फिकट, कोरडा आणि बोटांत कुरकुरणारा भुगा आला तर प्लायवूड चांगले आहे. काळपट भुगा चिमटीत दाबल्यावर गोळा होऊन राहिला तर ते गेले आहे. ड्रिल खालचा थर आणि गाभा यांपुरतेच जावे म्हणून पात्यावर टेप गुंडाळून खोलीची खूण करून घ्यावी. वरचा थर फुटला तर आपणच पाण्याला नवे दार उघडून देतो.

भेगांची दिशाही बोलकी असते. बोल्टपासून किरणांसारख्या फाकलेल्या भेगा एका ठिकाणी पडलेल्या दाबाची खूण असतात. बैठकीच्या किंवा आतल्या पट्टीच्या कडेला समांतर जाणारी भेग दिसली, तर पट्टी आहे पण तिची कड धारदार आहे आणि डेक नेमका त्या धारेवर वाकतो आहे, असे समजावे.

वेळ कोणती धरावी

हे काम मार्च ते मेच्या मध्यापर्यंत संपवावे. जूनमध्ये गावाकडून निरोप येतो आणि दोन दिवसांत बोट द्या म्हणतात, तेव्हा ओला गाभा आत ठेवूनच वरून बंद करण्याची वेळ येते आणि पुढच्या वर्षीची दुरुस्ती त्याच दिवशी ठरून जाते. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात उघडी केलेली जागा पंधरा दिवसांत चांगली वाळते. दिवसा उघडी आणि रात्री दवापासून झाकलेली, एवढी काळजी पुरते.

त्याच उन्हाचा दुसरा परिणाम मात्र सांभाळावा लागतो. दुपारच्या गरमीत रेझिन, म्हणजे फायबरला बांधणारा चिकट द्रव, झपाट्याने घट्ट होते. खोल मगमध्ये अर्धा किलो इपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचे रेझिन) कालवून ठेवले तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर येतो आणि मग हातात धरवत नाही. सकाळी नऊच्या आत काम करावे, थोडे-थोडे कालवावे आणि कालवलेले मिश्रण पसरट ताटलीत ओतून घ्यावे.

दुरुस्ती

खराब भाग तळहाताएवढा किंवा त्याहून लहान असेल तर डेक कापावा लागत नाही. कडी काढून प्रत्येक बोल्टचे भोक वरचा थर आणि गाभा यांपुरते चौदा ते सोळा मिलिमीटरपर्यंत मोठे करावे. मग टोक काटकोनात वाकवलेला खिळा ड्रिलच्या चकमध्ये धरून सावकाश फिरवला, की दोन थरांमधले प्लायवूड भोकाच्या चारी बाजूंनी सुमारे एक सेंटिमीटर कोरून निघते. भुगा फुंकून काढावा आणि जागा पूर्ण वाळू द्यावी. त्यानंतर खालच्या भोकाला टेप लावावी, आधी पातळ इपॉक्सी ब्रशने आत फिरवून लाकडाला पिऊ द्यावे आणि मग एरोसिल (रेझिन दाट करणारी हलकी पांढरी पूड) मिसळून श्रीखंडाइतके दाट केलेले इपॉक्सी भरावे. भोक एका दमात भरू नये. दोन टप्प्यांत भरले तर ते तापत नाही आणि आत हवेचे बुडबुडेही अडकत नाहीत. एक दिवस थांबून त्याच्या मधोमध बोल्टचे साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडावे. आता बोल्ट कितीही आवळला तरी दाब प्लायवूडवर न येता इपॉक्सीच्या खांबावर येतो, आणि उद्या सीलंट फाटले तरी पाण्याला लाकूड भेटत नाही. या दुरुस्तीचे मर्म याच खांबात आहे.

खराब भाग त्याहून मोठा असेल तर वरचा थर कापून काढण्याला पर्याय नाही. टणक आवाज येईपर्यंतचा सगळा भाग चौकोनी, पण कोपरे गोल ठेवून कापावा, कुजलेला गाभा छिन्नीने खरवडून काढावा आणि नवा तुकडा आयएस ७१० प्रतीच्या मरीन प्लायवूडचा घ्यावा. कडीच्या नेमक्या खाली प्लायवूडही न घालता फायबरचे थर देऊन भरीव ठोकळाच केला तर अधिक चांगले. मी आता तसेच करतो. वरचा थर पुन्हा जोडताना जुन्या फायबरच्या कडा ग्राइंडरने उतरत्या कराव्यात. हा उतार जाडीच्या बारापट असावा, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थराला चारी बाजूंनी सुमारे छत्तीस मिलिमीटर. सरळ कापलेल्या कडेला नवे फायबर टेकवून जोडले, तर ते दिसायला एकजीव दिसते आणि पहिल्या हिसक्याला त्याच रेषेत उघडते.

रेझिनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण फायबरचे काम जाणणारेही येथे चुकतात. बोट बनवताना वापरलेले पॉलिस्टर रेझिन नव्या कामाला चांगले असते, कारण त्याचे थर ओले असतानाच एकमेकांत मिसळतात. वर्षानुवर्षे वाळलेल्या जुन्या पृष्ठभागावर मात्र त्याची पकड कमी पडते, आणि तेथे इपॉक्सी घ्यावे. इपॉक्सीबरोबर काचतंतूंच्या तुकड्यांची नेहमीची मॅट वापरू नये. त्या मॅटचे तंतू ज्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात ते पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते. इपॉक्सीत ते विरघळत नाही आणि मॅट कोरडी, पांढरट राहते. इपॉक्सीसाठी काचतंतूंचे विणलेले कापड किंवा जाड विणीचे रोव्हिंग घ्यावे. हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, छोट्या वजनकाट्यावर तोलून घालावा. लवकर वाळावे म्हणून तो जास्त घातला तर काम मऊ राहते. आदल्या दिवशीच्या थरावर मेणासारखा चिकट तवंग आला असेल तर तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन, वाळवून, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय पुढचा थर देऊ नये. आणि जेथे पॉलिस्टरचे काम चालते तेथे कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारे द्रव्य) व हार्डनर हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, त्याने स्फोट होतो; एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरे घालावे.

आतली पट्टी आणि बोल्ट

पट्टी अॅल्युमिनियमची सहा मिलिमीटरची किंवा फायबरचीच दहा मिलिमीटरची चालते. तिचे कोपरे गोल करावेत आणि डेकला टेकणाऱ्या कडा कानशीने मारून घ्याव्यात, म्हणजे वर सांगितलेली समांतर भेग पडत नाही. बोटीची आतली बाजू साच्याला लागलेली नसल्याने ती खडबडीत असते. तेथे पट्टी तशीच आवळली तर ती दोन-तीन उंचवट्यांवरच टेकते आणि पन्नासपट जागेचा सगळा हिशेब वाया जातो. म्हणून आतला रंग खरवडून, अॅसिटोनने पुसून, पट्टीला दाट इपॉक्सीचा जाड लेप द्यावा, ती बोल्टांनी हलकेच जागेवर धरावी आणि बाहेर आलेले इपॉक्सी बोटाने कडेला गोलाईत फिरवावे. बोल्टांना आधी मेण चोळलेले असावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते सहज निघतात.

स्क्रू पुन्हा लावू नयेत. बोल्ट स्टेनलेसचे ३०४ प्रतीचे नदीच्या गोड्या पाण्याला पुरेसे आहेत, पण कुजलेल्या लाकडातून काढलेले जुने बोल्ट पुन्हा वापरू नयेत. स्टेनलेसवरचा संरक्षक पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनवर टिकून असतो. ओल्या लाकडात हवा पोचत नाही आणि डोके चकचकीत असतानाही बोल्टच्या दांड्याला खड्डे पडलेले असतात. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज न सुटणारे नट) मशीनने वेगात आवळले तर स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात. आट्यांना थोडे ग्रीस लावून ते पान्याने सावकाश आवळावेत.

सीलंट लावण्यापूर्वी वरच्या भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने दोन मिलिमीटरचा उतार द्यावा. त्या खोबणीत सीलंट बसते आणि बोल्टभोवती रबरी कड्यासारखे काम करते. सीलंट पॉलियुरेथेनचे घ्यावे. सिलिकॉन बाजारात सर्वत्र मिळते आणि हाताशी असते, पण त्याचा तेलकट अंश जेलकोटमध्ये राहतो आणि पुढे तेथे रंग किंवा रेझिन धरत नाही. त्यामुळे सिलिकॉन भरलेल्या जागेची पुढची दुरुस्ती दुप्पट कष्टाची होते. पहिल्या वेळी नट सीलंट चारी बाजूंनी बाहेर येईपर्यंतच आवळावा आणि दोन दिवसांनी पूर्ण आवळावा. त्या वेळी वरून बोल्टचे डोके स्थिर धरून फक्त नट फिरवावा. बोल्ट फिरला तर त्याच्याभोवती बसलेले सीलंट तुटते.

इपॉक्सी उन्हाने खराब होते, म्हणून उघड्या भागावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा.

झाले की नाही हे कसे ओळखावे

आतल्या बाजूने पट्टीच्या कडेला आणि नटांभोवती खडूची पूड चोळावी, वरून कडीवर अर्धा तास ओला गोणपाट ठेवून त्यावर पाणी ओतत राहावे आणि मग आत बघावे. पाण्याचा एक थेंब जरी आला तरी पांढऱ्या पुडीवर काळा डाग लगेच दिसतो. त्यानंतर प्रत्येक नटावरून पट्टीवर मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढच्या मे महिन्यात रेघ मोडलेली दिसली तर नट फिरला आहे, एवढे पान्याला हात न लावता कळते. ज्या बोटीची हकिकत वर लिहिली ती त्यानंतर दोन पुरांत वापरली गेली आहे. तिच्या चारही रेघा जागच्या जागी आहेत.

मोटार जेथे बसते त्या मागच्या फळीलाही हाच रोग होतो. मोटारीचा खालचा भाग हाताने वर उचलून सोडावा आणि फळीकडे पाहावे. ती मोटारीबरोबर हलताना दिसली तर आतले प्लायवूड गेले आहे. तेथे फक्त भोके भरून भागत नाही, पूर्ण फळी बदलावी लागते. सर्चलाइट, लाइफ जॅकेटची दांडी किंवा कडेचा रेलिंग बसवताना भार कमी असला तरी भोक गाभ्यातूनच जाते, म्हणून इपॉक्सीचा खांब तेथेही द्यावा.

कडी वापरणाऱ्यांसाठी

कडी आडव्या ओढीसाठी असते, आणि आपल्याकडे ती उपटली जाते ती बहुधा उभ्या ओढीने. रात्री बोट पहिल्या मजल्याच्या ग्रीलला आखूड दोराने घट्ट बांधली जाते, पहाटेपर्यंत पाणी हातभर उतरते आणि बोटीचे पुढचे टोक त्या दोराला टांगलेले सापडते. दोर किमान दोन-अडीच मीटर सैल ठेवावा आणि रात्री पाणी उतरू लागले की पहाऱ्यावरच्या माणसाने दर तासाला दोर तपासावा. ट्रॉलीत चढवताना जेसीबीच्या बकेटची साखळी या कडीत अडकवून बोट उचलण्याची पद्धतही बंद करावी. बोट उचलायची असेल तर दोन रुंद पट्टे तळाखालून, एक पुढच्या आणि एक मागच्या बाकाच्या रेषेत घ्यावेत आणि कडीला फक्त बोट झुलू नये म्हणून धरायचा दोर बांधावा.